फरशी काढून मातीचे अंगण: वाईतील एका वसंताच्या नोंदी

कृष्णाकाठच्या वाईत आमच्या घरासमोर अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. कधीकाळी तिच्यावर शहाबादी फरशी बसवली गेली आणि तेव्हापासून फाल्गुन-चैत्रात दिवेलागणीपर्यंत तिथे अनवाणी पाय ठेवता येत नाही. चैत्रगौरीपुढची चैत्रांगणाची रांगोळी सासूबाई इतकी वर्षे उंबऱ्याबाहेरच्या हातभर जागेत काढत आल्या. चिंचा फोडणे, उन्हे उतरल्यावर सतरंजी टाकून बसणे, मुलांच्या गोट्या, हळदीकुंकवाच्या बायकांची पंगत, अशी लहान गावातली वसंताची बहुतेक सुखे अंगणात घडतात आणि त्यांना तशी जमीन लागते. म्हणून या वर्षी फरशी काढून चोपलेले, सारवलेले अंगण करायचे आम्ही ठरवले. हेच काम करू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, यासाठी खर्च, गेलेला वेळ आणि फसलेल्या गोष्टी यांसह या नोंदी ठेवत आहे.

२ मार्च २०२४, शनिवार

काम फाल्गुनाच्या तोंडावर सुरू करण्यामागे कारण आहे. थंडीत ओली जमीन लवकर वाळत नाही आणि चैत्राच्या कडक उन्हात ती इतक्या वेगाने वाळते की भेगा पडतात. फाल्गुनातले ऊन या दोहोंच्या मधले असते. त्यात आमच्या अंगणाच्या कडेच्या कडुलिंबाची पानगळ अजून संपलेली नाही. नवी पालवी आणि फुले यायच्या आत खणण्याचे व चोपण्याचे काम उरकले, तर झाडाखालची सावली आणि मोहोराचा वास आपल्या वाट्याला येतो. चैत्रगौर ११ एप्रिलला बसणार आहे, म्हणजे हाताशी जवळजवळ सहा आठवडे आहेत. अनुभवी मंडळींच्या मते हे काम दोन आठवड्यांचे आहे. तरीही जास्तीचा वेळ धरून चालावे, असा माझा सल्ला राहील.

५ मार्च

दोन गड्यांनी पहारीने फरशी उचकटली. मजुरी प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे १,४०० रुपये झाली. फरशी दोन फूट चौरस असल्याने ती सांभाळून काढली तर पुन्हा उपयोगी पडते. कडेच्या थोड्या फुटल्या, बाकीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. खरे कष्ट फरशीखालच्या सिमेंट-वाळूच्या थराने दिले. तो अर्धवट तसाच ठेवून वर माती टाकावी, असे गड्यांचे म्हणणे होते. परंतु त्या कठीण थरावर माती धरत नाही आणि पहिल्या पावसात ती सुटी होऊन निघते. म्हणून सारा थर फोडून काढला आणि खाली सहा इंच खोल खणून घेतले.

स्वयंपाकघराच्या दारासमोर खणताना दगडी उखळ लागले. ते जमिनीत पुरलेले होते आणि त्याच्या तोंडावर सिमेंट पसरले होते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरातले तिखट याच उखळात कुटले जात असे, हे त्यांना तत्काळ आठवले, आणि त्यानंतरचा सगळा वेळ त्या दारातच उभ्या राहिल्या. उखळ जागेवरच ठेवून त्याचा काठ नव्या जमिनीच्या वर दोन बोटे राहील, अशी पातळी धरायचे ठरवले. काठ जमिनीच्या बरोबरीने ठेवला असता, तर सडा घालताना शेणपाणी आत गेले असते.

९ मार्च

काल महाशिवरात्र असल्यामुळे काम बंद होते. आज मुरूम आला. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीच्या खोदकामातला एक ब्रास मुरूम वाहतुकीसह ३,२०० रुपयांना पडला. हिशोब असा केला होता: २१६ चौरस फुटांवर चार इंचांचा चोपलेला थर म्हणजे ७२ घनफूट, आणि चोपल्यावर सुटा मुरूम साधारण पाऊण होतो, म्हणून १०० घनफूट, अर्थात एक ब्रास. हा अंदाज बरोबर निघाला.

मुरमात मुठीएवढे गोटे भरपूर होते, हे मात्र ट्रॉली रिकामी केल्यावर कळले. असा गोटा थरात राहिला तर त्याच्याभोवतालची माती नीट दबत नाही आणि पुढे नेमकी तिथेच जमीन उखडते. उभ्या चाळणीवरून सगळा मुरूम चाळण्यात पूर्ण दिवस गेला. घेणाऱ्याने मुरूम खाणीवर किंवा खोदकामावर जाऊन, फावड्याने उकरून, आतला माल पाहूनच घ्यावा. निघालेले गोटे आम्ही कडुलिंबाच्या आळ्याभोवती रचले.

१३ मार्च

चोपणी सुरू केली. गडी म्हणजे जवळच्या बावधन गावचे एक मामा आणि त्यांचा पुतण्या. जमीन चोपायचे लोखंडी तळाचे धुम्मस त्यांनीच आणले.

पहिल्या दिवशी चार इंचांचा थर एकदम टाकून चोपला. वरून तो टणक लागत होता, पण मामांनी पहार उभी सोडून पाहिली तेव्हा ती दोन इंचांनंतर सहज आत गेली. तळाचा मुरूम सुटाच राहिला होता. सगळा थर पुन्हा उकरावा लागला आणि त्यात जवळजवळ एक दिवस गेला. त्यानंतर दोन-दोन इंचांचे थर केले. प्रत्येक थराला आदल्या संध्याकाळी पाणी मारायचे, रात्रभर ते मुरू द्यायचे आणि पहाटे गारव्यात चोपायचे. ओल बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी मामा मूठभर मुरमाचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडत. तो दोन-चार तुकड्यांत फुटला तर ओल योग्य, पसरला तर पाणी जास्त आणि भुगा झाला तर पाणी कमी.

उतार बारा फुटांत दोन इंच, रस्त्याकडच्या गटाराच्या दिशेने धरला. त्यासाठी प्लास्टिकच्या पारदर्शक नळीची पाणसळ, म्हणजे पाण्याने पातळी पाहण्याचे साधन, वापरली. नळी आणि दोरी मिळून १२० रुपये लागले.

पहाटेच्या कामाचा एक लाभ असा झाला, की कोकिळेचा पहिला आवाज यंदा मी कामावर असताना, सहाच्याही आधी ऐकला. ती आमच्याच कडुलिंबावर होती.

१८ मार्च

वरच्या थरासाठी दोन इंच मातीची आवश्यकता असते. काळी माती या कामाला चालत नाही. ती ओलाव्याने फुगते आणि वाळताना आकसून मोठ्या भेगा पाडते. आपल्याकडे गावठाणाच्या जमिनीला पांढर म्हणतात, आणि जुन्या घरांच्या भिंती त्याच पांढऱ्या मातीच्या असत. जवळच्या गावात एक जुने घर पाडले जात होते, तिथली माती फुकट मिळाली. टेम्पोचे ८०० रुपये तेवढे झाले. माती मऊ होती, चाळणीतून सहज पडली, चोपल्यावर सुंदर गुळगुळीत झाली आणि तिच्यावर पहिले सारवणही झाले.

सारवणाचे प्रमाण लिहून ठेवते, कारण त्याबद्दल स्पष्ट सांगणारे फार थोडे भेटतात. पहिल्या दोन हातांना एक घमेले ताजे शेण आणि तितकीच बारीक चाळलेली माती घ्यावी आणि मिश्रण ओंजळीतून सावकाश ओघळेल इतके पाणी घालावे. शेण आदल्या दिवसापेक्षा जुने नसावे. कडबा खाणाऱ्या जनावराच्या शेणात तंतू अधिक असतात आणि तेच तंतू वरचा पापुद्रा धरून ठेवतात. हात अर्धवर्तुळात फिरवावा, सुरुवात दूरच्या कोपऱ्यापासून करावी आणि दाराकडे मागे सरकत यावे. माझा पहिला हात फार जाड झाला आणि वाळल्यावर त्याचे पापुद्रे सुटले. सासूबाईंनी खराट्याने ते झाडून काढायला लावले आणि दुसरा हात त्यांनी स्वतः, खाली बसून, दाखवत दाखवत दिला.

२२ मार्च

अंगणावर पांढरे चट्टे आले आहेत. सकाळी ते पिठासारखे दिसतात, बोटाने पुसले तर निघतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवतात. चट्ट्यांच्या जागी सारवण फुगून सुटते आहे. मामांनी चिमूटभर पांढरे जिभेला लावले आणि म्हणाले, “वहिनी, ही माती खारी हाय. भितीला लोणा धरलेला असणार.”

तसेच निघाले. जुन्या भिंती वर्षानुवर्षे जमिनीतली ओल ओढून घेतात. पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मातीत साठत राहतात. तीच माती अंगणात टाकून वरून रोज सडा घातला, की क्षार विरघळून पृष्ठभागावर येतात. यावर वरवरचा इलाज नाही. चुना, गेरू किंवा सारवणाचा आणखी एक हात यांनी लोणा झाकला जाईल, पण थांबणार नाही.

माती आणण्याआधी करण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी घालून हलवावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी रेती, तिच्यावर पोयटा आणि सर्वांत वर चिकण असे थर स्पष्ट दिसतात आणि चिकण किती हे कळते. मग वरचे नितळ पाणी स्टीलच्या ताटलीत ओतून उन्हात आटवावे. ताटलीत पांढरी साय उरली तर ती माती घेऊ नये. ही बाटली १७ मार्चला भरली असती, तर पुढचे दहा दिवस आणि तीन हजारांहून अधिक रुपये वाचले असते.

२५ मार्च, धुळवड

काम थांबले आहे. काल होळी झाली. होळीच्या पौर्णिमेला बावधनला भैरवनाथाचा कौल लावून त्या वर्षीचा बगाड्या, म्हणजे बगाड या रथासारख्या धुडाला टांगला जाणारा माणूस, ठरतो, आणि रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैल जुंपून बगाड ओढले जाते. मामांचे सगळे घर त्यात असते. “पंचमी झाल्याबिगर हात लावत नाय” असे त्यांनी आधीच सांगितले होते आणि ते योग्यच आहे. वाई परिसरात ज्यांना फाल्गुनात मजुरीचे काम काढायचे असेल, त्यांनी होळी ते रंगपंचमी हा काळ मोकळाच धरावा.

या सुट्टीत खारी माती तशीच उघडी राहिली. गल्लीतल्या बायकांनी मात्र जमीन पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. दुपारी कडुलिंबाच्या बाजूला गोणपाट टाकून त्या चिंचा फोडायला बसल्या. चिंचेला अंगण लागते. घरात फोडली तर टरफले आठवडाभर पायांत येतात. संध्याकाळपर्यंत दोन पाट्या चिंच फोडून झाली, आणि चिंचोके मुलांनी वाटून घेतले.

३० मार्च, रंगपंचमी

आम्ही बगाड पाहून आलो. ते अवजड लाकडी रथासारखे धूड, त्याच्या उंच शिडाला टांगलेला बगाड्या आणि शेताशेतांतून बैलांच्या जोड्या बदलत ते ओढणारी माणसे, हे सगळे भर उन्हात चालते, आणि ते पाहायला येणारा प्रत्येक जण पायापासून केसांपर्यंत धुळीने माखून परततो. येताना एका बांधावरून लाल मातीचा नमुना घेतला आणि त्याची बाटली भरून ठेवली.

२ एप्रिल

बाटलीची परीक्षा नीट उतरली: रेती निम्म्याहून थोडी अधिक, चिकण पाव हिश्शाच्या आसपास आणि ताटली स्वच्छ. घाटाच्या पायथ्याच्या एका शेतातली ती तांबडी माती मालकाला विचारून घेतली. अर्धा ब्रास मातीला वाहतुकीसह १,८०० रुपये पडले. खारी माती दोन इंचांपर्यंत, मुरूम लागेपर्यंत, खरवडून काढायला मजुरीचे आणखी १,४०० रुपये गेले. मुरूम मात्र निर्दोष होता, त्याला हात लावावा लागला नाही. नवी माती एक-एक इंचाच्या दोन थरांत चोपली.

काढलेल्या खाऱ्या मातीचे काय करावे, हा प्रश्न येतो. झाडाच्या आळ्यात ती मुळीच टाकू नये. आम्ही ती गल्लीच्या टोकाला रस्त्याचा खड्डा भरण्यासाठी दिली.

६ एप्रिल

आता भेगांचा प्रश्न उभा राहिला. आठवडाभरात ऊन इतके वाढले आहे, की सकाळी चोपलेला भाग दुपारी दोनपर्यंत पांढुरका पडतो आणि चारच्या सुमारास त्यावर केसासारख्या भेगा दिसू लागतात. झाडाखालचा भाग मात्र अखंड आहे. कारण उघड आहे: वरचा पापुद्रा खालच्या ओलीपेक्षा फार आधी वाळतो आणि आकसतो.

उपाय असे केले. पाणी फक्त संध्याकाळी द्यायचे, रात्रभर ते मुरू द्यायचे आणि सकाळी ऊन येण्याआधी भिजवलेली गोणपाटे पसरायची. गोणपाट अपुरे पडले तिथे कडुलिंबाची झडलेली पाने चार बोटे जाड अंथरली. ती गोळा करून ठेवलेली होतीच. भेगांमध्ये माती-शेणाचे घट्ट मिश्रण बोटाने दाबून भरले आणि वरून गुळगुळीत दगडाने घोटले. घोटल्याने भेग मिटते, नुसते भरल्याने मिटत नाही. तीन दिवस झाकून ठेवलेली जमीन एकसंध राहिली. हेच काम मार्चच्या मध्यावर पूर्ण झाले असते, तर हे झाकणे बहुधा लागलेच नसते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पहाटे गोणपाटे काढली, सारवणाचा पातळ हात दिला आणि आठपर्यंत जमीन पायाखाली कोरडी झाली. तिच्यावर पाट मांडून गुढी उभारली. कडुलिंब आता पूर्ण फुलला आहे. प्रसादाची कोवळी पाने आणि फुले या वर्षी अंगणातूनच घेतली आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मध, जिरे यांबरोबर वाटली.

उखळ आज स्वच्छ केले. त्यात आधी सिमेंटचे कण राहिले होते. गव्हाचा कोंडा आणि पाणी घालून मुसळाने कुटायचे, तो कोंडा फेकायचा आणि पुन्हा कुटायचे. कोंडा बोटांत चोळल्यावर कचकच लागेनाशी झाली, तेव्हा ते वापरण्याजोगे ठरले. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या चार घरांचे वर्षाचे तिखट इथेच कुटले जाणार आहे. गिरणीच्या तुलनेत फार खर्च वाचतो असे नाही, पण उखळात कुटलेल्या तिखटाचा रंग आणि वास निराळा राहतो, याबद्दल चारही घरांचे एकमत आहे.

११ एप्रिल, चैत्र शुद्ध तृतीया

आज गौर बसली. देवघरातली पितळी अन्नपूर्णा घासून, लहानशा पाळण्यात बसवून दारातल्या चौरंगावर मांडली. अक्षय्य तृतीयेपर्यंत ती तिथे राहील.

चैत्रांगणासाठी गौरीसमोर पाच फूट लांब आणि चार फूट रुंद जागा गेरूने रंगवली. पाण्यात कालवलेला नुसता गेरू वाळल्यावर पायाला लागतो आणि घरभर तांबडी पावले उमटतात. गेरूत तांदळाची पातळ पेज मिसळली तेव्हा तो जमिनीला धरून बसला. दोन किलो गेरूला १६० रुपये पडले आणि त्यातला निम्मा उरला आहे.

रांगोळीचाही अनुभव नोंदवण्याजोगा आहे. बाजारात आधी मिळालेली भुकटी इतकी बारीक होती, की चिमटीतून ती सारखी न पडता झुपकन पडे आणि रेघ कुठे जाड, कुठे बारीक होई. सासूबाईंनी ती बाजूला ठेवली. शिरगोळ्याची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची, रांगोळी किंचित रवाळ असते, तिचा दाणा जड असतो आणि रेघ सलग उतरते. ती दहा किलो घेतली, २५० रुपयांना. जमीन अगदी कोरडी झाल्यावर रांगोळी काढली तर वाऱ्याने सरकते, आणि जमीन ओली असताना काढली तर ती पाणी शोषून राखाडी होते. तळवा ठेवल्यावर गार लागेल, पण हाताला काही चिकटणार नाही, ही वेळ साधावी लागते. आजच्या उन्हात ती वेळ जेमतेम अर्ध्या तासाची होती.

सासूबाई खालच्या बाजूला बसून दूरच्या कडेपासून जवळ असे काढत येतात. सारवतानाही त्यांचा क्रम हाच असतो. आधी चौकट आणि तोरण, मग मध्यभागी वर मखरातली गौर, तिच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. त्याखाली शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गणपती, तुळशीवृंदावन, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, मोर, गाय-वासरू, फणी-करंडा, हळदीकुंकवाची कुयरी, आंबा, पिंपळपान आणि सर्वांत खाली गोपद्मे व लक्ष्मीची पावले. काही घरांत एक्कावन्न आकृत्या काढण्याची प्रथा आहे, काही घरांत चौसष्ट. आमच्याकडे एक्कावन्न. उंबऱ्याजवळच्या हातभर जागेत एवढ्या कधीच मावत नसत. सासूबाई त्यांतल्या वीस-बावीसच काढत आणि उरलेल्यांची नावे घेत. आज पहिल्यांदा सगळ्या जमिनीवर उतरल्या. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. मध्ये दोनदा उठून त्यांनी पाठ सरळ केली, पण चिमटी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

१५ एप्रिल

दुपारचा वारा आणि कडुलिंबाची फुले हे दोन नवे प्रश्न आहेत. फुले अखंड झडतात आणि खराट्याने झाडली की रांगोळीही जाते. मोरपिसांच्या कुंच्याने, जमिनीला न टेकवता, वारा घातल्यासारखी ती उडवावी लागतात. वाऱ्यासाठी रस्त्याकडच्या बाजूला जुन्या साडीचा आडोसा दोन बांबूंवर बांधला. चैत्रांगण रोज नव्याने न काढता केवळ पुसट झालेल्या रेघा गडद करायच्या, असे ठरले आहे. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि ते काम आता माझ्याकडे आहे.

रात्री जेवणानंतर सगळे बाहेर बसतो. मातीची जमीन सूर्य मावळल्यावर लवकर निवते, संध्याकाळच्या सड्याने आणखी निवते, आणि कडुलिंबाच्या मोहोराचा गोडसर वास रात्री नऊनंतर सर्वांत दाट असतो. फरशी होती तेव्हाही हे झाड होतेच, पण तेव्हा त्याच्याखाली बसवत नसे.

२० एप्रिल

सायंकाळी वळवाचा पाऊस झाला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, थोड्या गारा आणि अर्धा तास जोराची सर. चैत्रांगण पूर्ण वाहून गेले, ते अपेक्षितच होते. पण ईशान्येच्या कोपऱ्यात इंचभर पाणी साचले, ते अपेक्षित नव्हते.

कारण दुसऱ्या दिवशी सापडले. पाणसळीच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता आणि त्या कोपऱ्याची पातळी अर्धा इंच खोटी दाखवली गेली. नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढावे आणि पूर्ण नळी उजेडात धरून पाहावी. मोजमाप सुरू करण्यापूर्वी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे की नाही, हेही तपासावे. कोपऱ्यात तांबडी माती भरून, चोपून, गटारापर्यंत बोटभर खोल पन्हळ काढली. उरलेली मातीच वापरल्याने खर्च आला नाही.

ओल्या जमिनीवर दोन दिवस कुणाला चालू देऊ नये. शेजारच्या लहानग्याने गारा वेचायला धाव घेतली आणि त्याची पावले खोल उमटली. बाकी अंगण मात्र टिकले. सारवण काही ठिकाणी धुऊन गेले, पण मातीला भेग पडली नाही आणि मुरूम उघडा झाला नाही. ही या कामाची खरी परीक्षा होती.

२६ एप्रिल, शुक्रवार

हळदीकुंकू झाले. साठेक बायका आल्या आणि प्रथमच कुणाला घरात दाटीवाटीने बसावे लागले नाही. सगळी पंगत अंगणात बसली. तीन किलो कैऱ्या उकडून, साडेतीन किलो गूळ आणि वेलदोडा घालून पन्हे केले. माठ ओल्या वाळूच्या थरावर झाडाखाली ठेवला होता, त्यामुळे बर्फ लागला नाही. दोन किलो हरभऱ्याची डाळ पाच तास भिजवून आंब्याची डाळ केली. पहिला घाणा मिक्सरमध्ये फार बारीक होऊन चिकट झाला, म्हणून पुढची डाळ थांबत थांबत, भरड वाटली. ओटीला भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि पाचगणीच्या उतारावरून आलेली पहिली करवंदे होती.

एवढ्या वर्दळीनंतर दाराजवळची तीन-चार फूट जमीन खरवडल्यासारखी झाली आहे. तिथे काढलेल्या फरशीच्या चार अखंड फरश्या जमिनीच्या पातळीत बसवल्या. सतत पाऊल पडणाऱ्या जागी मातीचा हट्ट धरू नये.

१० मे, अक्षय्य तृतीया

गौर देवघरात परत गेली. चैत्रांगण सासूबाईंनी स्वतः ओल्या फडक्याने पुसले आणि त्या जागी सारवणाचा हात दिला.

आजवरचा खर्च असा: फरशी काढणे १,४००, मुरूम ३,२००, पहिल्या मातीचा टेम्पो ८००, चोपणीची मजुरी ४,२००, खारी माती काढण्याची मजुरी १,४००, तांबडी माती १,८००, नळी आणि दोरी १२०, गेरू १६०, रांगोळी २५०, एकूण १३,३३० रुपये. शेण शेजारच्या गोठ्यातून मिळाले, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बदल्यात उखळ त्यांना हवे तेव्हा खुले आहे. पहिल्या मातीची परीक्षा केली असती, तर यांतून टेम्पो, खरवडणे आणि ती माती चोपण्याची एका दिवसाची मजुरी वाचली असती.

देखभालीला दर शुक्रवारी सारवणाचा एक पातळ हात लागतो. त्यात आता माती न घालता नुसते शेण आणि पाणी घेते, आणि सगळे काम तासाभरात होते. रोजचा सडा त्याखेरीज.

मृग ७ जूनच्या सुमारास निघतो. पावसाळ्यात उघडे अंगण शेवाळते आणि गवत धरते, म्हणून उसाच्या पाचटाची एक ट्रॉली सांगून ठेवली आहे. ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येईल. पाचट वीतभर जाड पसरून त्यावर आडव्या बांबूंचा दाब द्यायचा, आणि पन्हळ मात्र उघडी ठेवायची, असे मामांनी सांगितले आहे. ते काढल्यावर दिवाळीआधी जमीन कशी निघते, याची नोंद तेव्हा करीन.